शेवटचा आकडा

माशांच्या अंड्यांच्या पिशवीवर निळ्या पेनने लिहिलेलं सगळं वाचता येत होतं, शेवटचा आकडा सोडून. नोथोब्रँकियस फर्झेरी, एमझेडएम ०४, मग तिरकी रेघ आणि रेघेपुढे नुसता निळा डाग. आतलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची ती मऊ माती, जरा जास्तच ओलं राहिलं होतं, पिशवीला आतून घाम फुटलेला, तो कुठल्यातरी बारीक भोकातून झिरपला आणि बरोब्बर त्या आकड्यावर येऊन बसला. मी पिशवी दिव्यासमोर धरली, तिरकी करून बघितली, मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघितला, पेनाचा दाब लागतो का म्हणून बोटाने चाचपूनही पाहिलं. काही नाही.

घरचे म्हणाले एवढं काय झालं, अंडी जिवंत आहेत ना? अंडी मस्त होती. पीट कागदावर पसरलं की मधेमधे बारीक काचेच्या मण्यांसारखी चमकत होती, आणि भिंगातून बघितलं की प्रत्येक मण्यात दोन डोळे, सोनेरी कड असलेले, जणू तुमच्याकडेच बघताहेत. असे डोळे दिसले म्हणजे आतलं पिल्लू तयार आहे, पाणी घातलं की काही तासांत बाहेर येईल. सगळं जसं हवं तसं होतं. फक्त ते मासे कुठले हे आता कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

ज्यांनी किलीफिश पाळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नोथोब्रँकियस हे किलीफिशांपैकीच, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांतले मासे. पाऊस पडतो, डबकं भरतं, पिल्लं निघतात, काही आठवड्यांत मोठी होतात, चिखलात अंडी घालतात, मग डबकं आटतं आणि मासे संपतात, अंडी मात्र कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. आपण घरी तेच करतो, चिखलाऐवजी पीट, अंडी घातलेलं पीट पिळून पिशवीत भरायचं आणि महिनोन्महिने ठेवून द्यायचं. पिशवीवर नाव, तारीख आणि लोकेशनचा कोड. एमझेडएम म्हणजे मोझांबिक, ०४ म्हणजे २००४ साल, आणि रेघेपुढचा आकडा म्हणजे त्या ट्रिपमध्ये ज्या ठिकाणी जाळं टाकलं त्याचा नंबर. म्हणजे शेवटचा आकडा गेला तर देश राहिला, साल राहिलं, आणि डबकं गेलं. ज्यांनी अंडी पाठवली त्यांच्याकडे त्याच ट्रिपमधली दोन वेगवेगळी ठिकाणं सुरू होती. त्यांना फोन केला तर तेही गप्पच झाले, कुठली पिशवी मला पाठवली ते त्यांनाही आठवेना, कारण लिहिलेलं होतं ना पिशवीवर!

आता "मासा तर तोच ना" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा नीट उत्तर द्यावंसं वाटलं म्हणून ही पोस्ट.

ह्या हौसेत थोडं खोल गेलेला कोणीही तुम्हाला पहिला प्रश्न विचारतो, कुठले? म्हणजे कोणाकडून घेतले ते नाही, मूळचे कुठले. कुठल्या नदीचे, कुठल्या बेटाचे, किनाऱ्यावरच्या कुठल्या गावासमोरून पकडलेल्या माशांचे वंशज. आपल्या आडनावातला 'कर' जे काम करतो तेच काम लोकेशन करतं. ट्रोफियस (आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले मासे) म्हटलं की कुटुंब कळलं, 'इकोला' म्हटलं की गाव कळलं, आणि गाव कळल्याशिवाय खरं काहीच कळलेलं नसतं.

ट्रोफियसपासूनच सुरुवात करते कारण ह्या माशांवर माझा जीव आहे. टांगानिका सरोवर साधारण ६७० किलोमीटर लांब आहे, टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया अशा चार देशांचा किनारा त्याला लागतो, आणि खोली १,४७० मीटर. ट्रोफियसचं जग मात्र त्यातल्या किनाऱ्यालगतच्या खडकांपुरतं. खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं, कोणी मोठा मासा आला की फटीत शिरायचं, बस. आता दोन खडकाळ पट्ट्यांच्या मधे वाळूचा मोठा उपसागर आला की तो ह्यांच्यासाठी समुद्रच, उघड्या वाळूवरून तो मासा जायलाच तयार नसतो, खायला काही नाही आणि लपायला जागा नाही. मग ह्या खडकावरचे ह्या खडकावरच राहिले, त्या खडकावरचे तिथेच. शिवाय सरोवराची पातळी भूतकाळात शेकडो मीटर खालीवर झालेली आहे, त्यामुळे कधी दोन वस्त्या एकत्र आल्या, कधी तुटल्या, परत आल्या, परत तुटल्या. हजारो वर्षं हे चालल्यावर आज ट्रोफियसचे शंभराहून जास्त स्थानिक रंगप्रकार मोजले जातात. इकोलाचा मासा काळा आणि पोटावर रुंद पिवळा पट्टा, बेंबाचा काळा पण पट्टा नारिंगी, मोलिरोचा लालसर, इलांगीवर पिवळं शिंपडल्यासारखं. दुबोइसी नावाची वेगळी जात आहे तिची पिल्लं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके, रात्रीच्या आभाळासारखी, मोठी झाली की ठिपके जातात आणि गळ्यामागे एक पट्टा येतो, आणि तो पट्टा किती रुंद, पांढरा की पिवळा, हे पुन्हा गावावर. मास्वाच्या दुबोइसीचा पट्टा बघितला की कळतं लोक त्या एका गावासाठी का थांबतात.

आता खरा मुद्दा. ह्यांच्यातले बरेचसे प्रकार टँकमध्ये एकत्र ठेवले तर बिनधास्त एकमेकांत ब्रीड होतात आणि पिल्लं धडधाकट निघतात. निसर्गात जे अंतर वाळूने राखलं ते टँकमध्ये फक्त आपण राखू शकतो, काच लावून आणि चिठ्ठी लावून. ट्रोफियसची मादी तोंडात अंडी सांभाळते, मोठाली अंडी पण एका वेळी जेमतेम पाच-दहा-पंधरा, महिनाभर तोंड घट्ट, गाल फुगलेले. त्या मोजक्या पिल्लांचा बाप दुसऱ्या गावचा निघाला तर ती पिल्लं ना इथली ना तिथली. दिसायला कदाचित सुंदर असतील, पण तसा मासा त्या सरोवरात कुठेच नाही. आणि ती कोणालातरी दिली, त्याने पुढे दिली, दोन पिढ्यांनी ती 'बेंबा' म्हणून विकली गेली, की मग खऱ्या बेंबांच्या ग्रुपमध्येही ती शिरतात. एकदा शिरली की बाहेर काढता येत नाहीत. दुधात पाणी घालता येतं, काढता येत नाही, तसं. म्हणून 'असॉर्टेड ट्रोफियस' असं लिहिलेली पिशवी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो, त्यातला एकेक मासा कुठल्यातरी खडकावरून आलेला असतो आणि आता कोणाला ते कधीच सांगता येणार नाही.

बरं, हे रंगापुरतं असतं तरी मी भांडले असते, पण हे रंगापुरतं नाहीच. आणि ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझा तो डागवाला फर्झेरीच आहे.

फर्झेरी पहिल्यांदा पकडला गेला १९६८ मध्ये, आजच्या झिंबाब्वेतल्या गोनारेझू भागात, आणि १९७१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. त्या पहिल्या वाणाला जीआरझेड म्हणतात, गोनारेझूवरून. पुढची तीसेक वर्षं तो वाण टिकला तो हौशी किलीफिशवाल्यांच्या घरी. कुठल्याही मोठ्या संस्थेला त्यात रस नव्हता, कोणीतरी आपलं घरच्या कोपऱ्यात पीट पिळत होतं, पिशवीत भरत होतं आणि प्रत्येक वेळी त्यावर तेच नाव लिहीत होतं. विचार करा, हा मासा काही महिन्यांचा धनी, म्हणजे तीस वर्षांत कितीतरी डझन पिढ्या झाल्या, आणि दर पिढीला कोणीतरी ते नाव परत लिहिलं. एकाने जरी कंटाळा केला असता तरी तिथेच संपलं असतं. मग २००० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हा मासा काही आठवड्यांतच म्हातारा होतो, पाठीला बाक येतो, रंग उतरतो, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतकं कमी आयुष्य लॅबमध्ये दुसरीकडे बघायला मिळत नाही. आज म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये हा मासा ठेवला जातो, २०१५ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, आणि त्यासाठी घेतलेला वाण होता हाच जीआरझेड.

आणि इथे लोकेशनची गंमत बघा. मोझांबिकमधून २००४ मध्ये आणलेले त्याच जातीचे मासे त्याच पाण्यात, त्याच खाण्यावर ठेवले तर जीआरझेडपेक्षा बरेच जास्त दिवस जगतात. गोनारेझू आतल्या बाजूचा कोरडा प्रदेश, पाऊस कमी आणि बेभरवशाचा, डबकं लवकर आटतं. समुद्राच्या बाजूला सरकत गेलं की पाऊस वाढतो, डबकं जास्त टिकतं, आणि मासाही जास्त टिकतो. डबक्याचं आयुष्य माशाच्या रक्तात उतरलंय. नराच्या शेपटीचा रंगसुद्धा बदलतो, जीआरझेडचे नर पिवळ्या शेपटीचे, मोझांबिककडचे बरेचसे लाल. दोन्ही पिशव्यांवर नुसतं 'फर्झेरी' लिहिलं असतं तर हे काहीही कोणाला कळलं नसतं, एका लॅबने म्हटलं असतं हा मासा लवकर मरतो, दुसरीने म्हटलं असतं नाही हो चांगला जगतो, आणि दोघे एकमेकांना खोटं पाडत बसले असते. म्हणून मी त्या डागासाठी रडले. मोझांबिकच्या दोन डबक्यांत कदाचित फार फरक नसेल, असेलही. पण माझ्या हातात आता तो प्रश्न विचारण्याचाच मार्ग उरला नाही.

अजून एक कारण आहे आणि ते पूर्ण व्यवहाराचं आहे. नावं बदलतात. आज जी एक जात वाटते तिच्या उद्या तीन होतात, आणि तेव्हा तुमच्याकडच्या माशाचं नवीन नाव कुठलं हे तुम्हाला फक्त लोकेशन सांगतं. नोथोब्रँकियस राकोव्ही हा निळ्या-नारिंगी रंगाचा इतका देखणा मासा की किलीफिशचं पहिलं वेड बऱ्याच जणांना त्यानेच लावलेलं असतं. २०१० मध्ये त्याचे तीन भाग झाले. मोझांबिकच्या बेइराकडचा तो राकोव्ही राहिला, वर क्वेलिमानेच्या बाजूचा झाला क्रिसानोव्ही, आणि खाली दक्षिणेकडचा, पार दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर नॅशनल पार्कपर्यंतचा, तो पिएनारी. ज्यांच्या पिशवीवर 'बेइरा ९८' लिहिलं होतं त्यांनी नुसती मान डोलावली आणि कामाला लागले. ज्यांच्या पिशवीवर नुसतंच 'राकोव्ही' होतं ते अजून नराच्या शेपटीवरच्या पट्ट्या मोजतायत, आणि माद्या तर तिघींच्या सारख्याच, मातकट. टांगानिकातल्या फ्रंटोसा ह्या पट्टेवाल्या माशाचंही तेच झालं, २००३ मध्ये त्या सरोवराच्या दक्षिण भागातले गिबेरोसा नावाची वेगळी जात म्हणून बाजूला काढले. ज्याला माहीत होतं आपले किगोमाचे सात पट्टेवाले, त्याला काही फरक पडला नाही. फ्रंटोसाच्या एका प्रकाराचं 'झाईर ब्लू' हे नाव मात्र लोक अजून वापरतात, झाईर नावाचा देश १९९७ मध्येच परत काँगो झाला तरी, आणि मला ते आवडतं, मासा कधी पकडला गेला त्या काळाचाही शिक्का त्यावर राहिला.

सह्याद्रीच्या नद्यांतला डेनिसन बार्ब घ्या, तो लाल-काळ्या पट्ट्यांचा. त्याच्या वंशाचं नावच आता सह्याद्रिया आहे, २०१३ पासून, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्यात दोन जाती, एक डेनिसोनाय आणि एक चालकुडी नदीवरून नाव पडलेली चालकुडिएन्सिस, आणि डीएनए बघितला तर वेगवेगळ्या नद्यांतले मासे आणखी वेगवेगळे निघतात. डोंगरातून उतरणाऱ्या दोन शेजारच्या नद्या, मधे डोंगराची एक धार, पाणी कधीच एकत्र येत नाही, मग मासे तरी कसे येणार. आणि व्यापारात हे सगळे एकाच टाकीत, एकाच नावाने.

पाण्याचं पटकन सांगते, कारण हे बहुतेकांना पटतंच. 'दक्षिण अमेरिकेचा मासा' म्हटल्यावर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. रिओ नेग्रो नदीचं पाणी चहासारखं काळसर आणि आम्लधर्मी, पीएच चार-पाचच्या आसपास, क्षार जवळजवळ नाहीतच, हेकेल डिस्कस हा मासा तिथला. शिंगू नदीचं पाणी गरम, वेगाने खडकांवरून पळणारं, ऑक्सिजनने भरलेलं, झेब्रा प्लेको हा तळाशी राहणारा मासा तिथला, त्याला २८-३० डिग्री द्यावं लागतं. आणि पार खाली उरुग्वेकडचे जिम्नोजिओफेगस म्हणजे तर ज्यांना हिवाळ्यात थंड पाणी मिळालं नाही तर हळूहळू झिजतात असे मासे. हीटर किती वर ठेवायचा, आणि लावायचा की नाही, हे लोकेशन सांगतं. प्लेकोंना नावाऐवजी दिले जाणारे एल नंबर जर्मनीच्या एका मत्स्यपालन मासिकाने १९८८ मध्ये सुरू केले ते ह्याचसाठी, शास्त्रीय नाव मिळायला वर्षं लागतात तोपर्यंत मासा कुठल्या नदीतून आला हे तरी हरवू नये. झेब्रा प्लेको एल ०४६ होता, १९९१ मध्ये त्याला हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा हे नाव मिळालं, पण आजही लोक एल ०४६ च म्हणतात.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. लोकेशन ह्या शब्दाचा बाजारही होतो. ज्या नावाला मागणी ते नाव चिकटवलं जातं. कधी ते नाव मासा पकडला त्या खडकाचं नसून जिथे बोट लागते किंवा जिथे पॅकिंग होतं त्या गावाचं असतं. एकाच जागेची दोन स्पेलिंग फिरत असतात, बेंबा आणि पेंबा, आणि लोक दोन वेगळे मासे समजून दोन्ही घेतात. मला एकदा एकाने ट्रोफियस देताना विचारलं, तुम्हाला कुठलं लोकेशन हवंय? म्हणजे मी सांगेन ते तो लिहिणार! मी तो ग्रुप घेतला नाही, मासे फार सुंदर होते, दोन रात्री झोप लागली नाही, तरी घेतला नाही. माझं मत स्पष्ट आहे, लोकेशन माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा. किलीफिशवाले अशा माशांना 'अक्वेरियम स्ट्रेन' म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही, तो मासा तितकाच जिवंत आणि तितकाच प्रेमाचा. खोटं नाव मात्र रिकाम्या जागेपेक्षा कितीतरी वाईट, कारण रिकामी जागा बघून माणूस सावध होतो.

एंडलर गप्पीवाल्यांनी ह्यावर फार चांगली सोय केलेली आहे. एंडलर हा व्हेनेझुएलाच्या कुमानाजवळच्या लागुना दे पातोसचा छोटा मासा, १९३७ मध्ये एकदा गोळा झाला, १९७५ मध्ये जॉन एंडलर यांना परत सापडला आणि २००५ मध्ये त्याला पोइसिलिया विंगेई हे नाव मिळालं. गप्पीशी इतक्या सहज क्रॉस होतो की बाजारातल्या एंडलरवर डोळे मिटून विश्वास ठेवताच येत नाही. म्हणून त्यांनी तीन वर्ग केले, एन म्हणजे मूळ ठिकाणापासूनचा कागद सलग आहे असे, पी म्हणजे दिसतात तसेच पण कागद नाही, आणि के म्हणजे क्रॉस. बघा, एन आणि पी मधला मासा डोळ्यांना अगदी सारखा असू शकतो. फरक फक्त कोणीतरी लिहून ठेवलं की नाही ह्याचा.

आणि हेही खरं की लोकेशन लिहिलं म्हणजे सगळं झालं असं नाही. तो जीआरझेड वाण नाव टिकवून आला खरा, पण इतक्या थोड्या माशांपासून इतक्या पिढ्या काढल्यामुळे त्याच्यात आतून विविधता जवळपास उरलेली नाही. एका जोडीपासून वीस पिढ्या काढायच्या आणि वर गावाचं नाव मिरवायचं, हे अर्धं काम झालं. शक्य असेल तेव्हा जास्त मासे ठेवा, दुसऱ्या कोणाकडे तेच लोकेशन असेल तर अधूनमधून अदलाबदल करा. 'पिवळी लॅब' म्हणतात त्या माशाचंही असंच. मलावी सरोवरात ही जात, लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, बहुतेक ठिकाणी पांढरी किंवा निळसर पांढरी असते, पिवळा रंग लायन्स कोव्हच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यातला. जगभरच्या टँकमध्ये मात्र पिवळ्याच, आणि पांढरी दाखवली की लोक म्हणतात ही आजारी आहे का! एका कोपऱ्यातलं रूप म्हणजेच अख्खी जात असं आपण ठरवून टाकलं, आणि त्या पिवळ्यांतही आता दुसऱ्या म्बुनांचं, म्हणजे मलावीतल्या खडकांवरच्या माशांचं, रक्त किती मिसळलंय ते वेगळंच.

मग कोणी म्हणेल, एवढं आहे तर अचूक ठिकाण सगळ्यांना सांगून टाका. इथे मी थांबते. नदीचं नाव, भागाचं नाव, गोळा करणाऱ्याचा कोड, एवढं माशाबरोबर फिरायलाच हवं. पण एखाद्या छोट्या झऱ्याचा नकाशावरचा बिंदू उघड टाकणं मला पटत नाही. सेलेस्टियल पर्ल डॅनिओ २००६ मध्ये म्यानमारमध्ये होपोंगजवळ सापडला आणि लगेचच इतका उपसला गेला की त्याचं पुढे काय होणार ह्याची काळजी सुरू झाली, नशिबाने तो घरी सहज ब्रीड होतो आणि नंतर आणखी ठिकाणी सापडला. सगळ्याच माशांचं नशीब असं नसतं. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना कोडवरून ते ठिकाण मिळतं.

आणि घरचे मासे बाहेर सोडणं, कितीही चांगल्या हेतूने, कधीच नाही. बांग्गाई कार्डिनल हा इंडोनेशियाच्या बांग्गाई बेटांभोवतीचा मासा, नर तोंडात पिल्लं सांभाळतो, पिल्लं प्रवाहाबरोबर लांब वाहून जातच नाहीत, त्यामुळे जवळजवळच्या बेटांवरच्या वस्त्यासुद्धा वेगळ्या. व्यापारातून तो चारेकशे किलोमीटरवरच्या लेंबेह सामुद्रधुनीत जाऊन पोचला आणि तिथे वसला. मलावीत तर निर्यातदारांनी सोयीसाठी सरोवराच्या दुसऱ्या भागातले मासे थंबी वेस्ट बेटाजवळ आणून सोडले, आणि ते आज नॅशनल पार्कच्या हद्दीत तिथल्या मूळ माशांमध्ये राहतात. आता तिथून मासा पकडून 'थंबी वेस्ट' लिहिलं तरी तो तिथला म्हणायचा की नाही? लोकेशनची खूण सरोवरातच पुसली गेली.

ह्या सगळ्यात मला सर्वात जास्त बळ देणारी गोष्ट मेक्सिकोची आहे. हालिस्को राज्यात तेउचित्लान नावाचं गाव आणि त्याच नावाची छोटी नदी. तिथे झूगोनेटिकस टेकिला नावाचा मासा राहायचा, बोटाएवढा, नराच्या शेपटीला नारिंगी चंद्रकोर. १९९८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत तो नदीतून गेलाच, प्रदूषण आणि बाहेरून आणलेले मासे. पण त्याच १९९८ मध्ये एका ब्रिटिश हौशी मत्स्यपालकाने पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकाना विद्यापीठाच्या लोकांच्या हातात दिल्या होत्या. पाच जोड्या! त्यापासून त्यांनी वस्ती वाढवली, आधी मोठ्या तळ्यात, मग नदीत, इंग्लंडच्या चेस्टर झूची मदत मिळाली, आणि आज तो मासा तेउचित्लानला परत पोहतोय आणि तिथे पिल्लंही होतायत. २०२२ मध्ये त्याच नदीत स्किफिया फ्रान्सेसे हा दुसरा मासाही परत सोडला. आता जरा विचार करा, त्या पाच जोड्या 'मेक्सिकन असॉर्टेड' अशा नावाने कोणाच्या टँकमध्ये असत्या, शेजारच्या खोऱ्यातल्या भावंडांशी मिसळलेल्या, तर कुठल्या नदीत सोडणार होते त्यांना? परत जायला गाव माहीत असावं लागतं.

तर माझ्या डागवाल्या पिशवीचं पुढे काय झालं ते. मी पीट ओलं केलं, पिल्लं निघाली, बघता बघता नरांना रंग चढला, शेपट्या लाल झाल्या. रोज सकाळी दिवा लावला की ते काचेवर यायचे. मी त्यांचे फोटो दोन-तीन जाणकारांना पाठवले, प्रत्येकाने सांगितलं की मोझांबिकचे आहेत हे नक्की, डबकं सांगता येणार नाही. मी त्यांची अंडी घेतली नाहीत. म्हणजे टँकमध्ये पीटची वाटी ठेवली, ते त्यात अंडी घालत राहिले, पण ते पीट मी साठवलं नाही आणि कोणाला दिलंही नाही. टँकवर चिठ्ठी होती, 'फर्झेरी, एमझेडएम ०४, ठिकाण माहीत नाही', आणि शेवटचा नर म्हातारा होऊन गेला तोपर्यंत ती तशीच होती. काही जण म्हणाले देऊन टाकायची होतीस अंडी, कोणीतरी आनंदाने पाळले असते. कदाचित त्यांचं बरोबर असेल. मला ते पुढे कोणाच्या तरी पिशवीवर पूर्ण आकडा होऊन बसलेले बघायचे नव्हते.

ज्यांनी आधी पाठवली होती त्यांनी आता परत दोन पिशव्या पाठवल्यात, दोन्ही ठिकाणांच्या. ह्या वेळी पेन नाही, पेन्सिल, ती ओलीने पुसत नाही. एक चिठ्ठी पिशवीच्या बाहेर चिकटवलेली आणि तीच परत लिहून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बंद करून आत पीटमध्ये. मीही माझ्या सगळ्या पिशव्यांना तसंच केलं, एक रविवार गेला त्यात, आणि कोड, तारीख, कोणाकडून आले, त्यांना कोणाकडून आले, हे सगळं एका वहीतही उतरवलं. दोन पिशव्यांची पिल्लं एका दिवशी काढायची नाहीत असं ठरवलंय, मधे दोन आठवडे तरी ठेवायचे, जाळीसुद्धा वेगवेगळी. पहिल्या पिशवीतल्या अंड्यांना परवा डोळे दिसले, सोनेरी कड स्पष्ट आहे, शनिवारी पाणी घालेन.